डोळे तपासावेत कुठं?



औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं दिसेनाशी झाली, की आपण आठवडी बाजारातून तयार चष्मा आणतो. तसं करू नका. नजर का मंदावली, हे आधी तपासून घ्या. चाळिशी असेल तर चष्म्यानं भागतं. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूत मात्र गेलेली नजर परत येत नाही.

आता खर्चाचं. कार्ड दाखवलं की चष्मा फुकट, असं पुष्कळांना वाटतं. पण आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहेत. चष्म्याचा खर्च त्यांत बसत नाही.

मग जावं कुठं? जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. तिथले नेत्र चिकित्सा अधिकारी डोळे तपासून नंबर काढून देतात. ते कोणत्या वारी असतात, हे आशाताईंना विचारून मगच निघा.

मोतीबिंदू निघाला, तर १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते. तो पिकेपर्यंत थांबू नका. मोतीबिंदू म्हणजे काही ज्वारीचं कणीस नव्हे!

मोठी शस्त्रक्रिया सांगितली, तर योजनेतल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधारकार्ड बरोबर ठेवा. चौकशीचा मोफत क्रमांक १४५५५.

पिकावरची कीड आपण वेळीच ओळखतो. डोळ्यांचं दुखणंही वेळीच ओळखू या.