कोंबडीचे मटण आणि आपली विळी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. शास्त्राचे मोठे बोलणे माझ्याकडून व्हायचे नाही. पण आखाड आला, की शिरूर काय नि दौंड काय, कोंबडीच्या दुकानांपुढे गर्दी लोटते, आणि ते मटण शेवटी आपल्याच हातून शिजते. म्हणून हा विषय घेतला.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जी. बी. एस. या आजाराची साथ आली. यात हातापायांतले बळ जाते, काहींना श्वासही यंत्राने द्यावा लागतो. रुग्ण दोनशेच्या वर गेले. काहींच्या शौचाच्या तपासणीत कँपायलोबॅक्टर नावाचे जंतू सापडले. मुख्य संशय पाण्यावर होता. परंतु हे जंतू कोंबडीच्या आतड्यातही राहतात, आणि कोंबडी मात्र दिसायला धडधाकट! "डोळ्यांदेखत कापून आणली, ताजी आहे," असे आपण म्हणतो. ताजी खरी, पण कापताना आतडे फुटले, की तोच सुरा, तोच ओंडका पुढच्या कोंबडीला लागतो.

आता माझे म्हणणे काही जणींना रुचणार नाही. मटण नळाखाली खळाखळा धुतल्याने जंतू जात नाहीत. शिंतोडे मात्र ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. धुवायचेच, तर पातेल्यात हलक्या हाताने धुवावे आणि मागून पातेले, ओटा, हात साबणाने घासावेत. हळद, दही, लिंबू लावून जंतू मरत नाहीत. फ्रीजमध्ये ते नुसते दबून बसतात. मारतो तो विस्तव. आपला रस्सा चांगला रटरटतो, त्याची मला भीती नाही. भीती आहे ती विळीची! तिच्यावर मटण साफ करायचे, वरवर पुसायचे आणि तिच्यावरच तोंडी लावायचा कांदा चिरायचा. तो कांदा काही चुलीवर चढत नाही. तव्यावरचे जाड तुकडेही फोडून पाहावेत. हाडाजवळ गुलाबी दिसले, तर पुन्हा झाकण ठेवावे.

म्हणून कोंबडी सोडा, असे मी म्हणत नाही. २०२० साली कोरोनाच्या अफवेने लोकांनी ती सोडली, तेव्हा शेडवाल्यांचे हाल झाले. आपल्यापैकीही कित्येकींचा संसार त्यावर चालतो.

दुकानदाराला मात्र ओंडका गरम पाण्याने घासायला सांगावे. एकीने सांगितले तर तो हसेल, दहा जणींनी सांगितले तर घाशील. आणि बाजारात मटण सर्वांत शेवटी घ्यावे, भाजीच्या पिशवीत घालू नये, घेतले की उन्हात रेंगाळू नये.