दुसऱ्या मातेचे दूध



दादर-परळकरांस शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय परके नाही. तेथे १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचे आतडे अतिशय कोवळे असते. इंग्लंडात १९९० साली अशा ९२६ बालकांविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. निव्वळ डब्याच्या दुधावर असलेल्यांत आतडे कुजविणारा विकार, केवळ मानवी दूध मिळणाऱ्यांच्या मानाने, सहा ते दहा पट अधिक आढळला. (डब्यावरील गुबगुबीत बाळ हे सांगत नसते!)

स्वतःच्या मातेचे दूध सर्वांत उत्तम, यात शंका नाही. परंतु तीच अत्यवस्थ असली तर? पेढीत दात्री मातेचे रक्त तपासतात, दूध ६२.५ अंश उष्णतेवर ३० मिनिटे ठेवून निर्जंतुक करतात व गोठवितात. तरीही घरची वडीलधारी बाई विचारतेच, “दूध कोणाचे? कोणत्या जातीचे?” या प्रश्नापायी बाळास उपाशी ठेवणे आम्हांस मान्य नाही.

ज्या भगिनीचे बाळ पोटभर पिऊनही दूध उरते, तिने ते शेजारी परस्पर न देता रुग्णालयातील परिचारिकेकडे चौकशी करावी.