पैसेवारी आणि उपग्रह

दुष्काळ जाहीर करायचा की नाही, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पैसेवारीवर, म्हणजे नेहमीच्या तुलनेत पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजावर, ठरत आलं. ती 50 पैशांच्या आत आली की दुष्काळ. पण खरिपाची अंतिम पैसेवारी लागेपर्यंत डिसेंबर उजाडतो आणि तोवर दावणीची जनावरं बाजारात गेलेली असतात. केंद्राच्या 2016च्या दुष्काळ संहितेनं हा क्रम बदलला. आधी पाऊस आणि त्यातला खंड, मग उपग्रहानं टिपलेली पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा, भूजल. याच निकषांवर महाराष्ट्रानं 2018 मध्ये 31 ऑक्टोबरलाच 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

यावर गावकऱ्यांचा आक्षेप असतो, की पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी, पाऊसही तिथेच, आमचं शिवार मात्र कोरडं! हा आक्षेप अगदी रास्त आहे. म्हणूनच संहितेत प्रत्यक्ष शेतात जाऊन पडताळणी करायची तरतूद आहे. पण आकडे टाकून पुन्हा नुसत्या नजरअंदाजावर जाणं हा काही त्यावरचा इलाज नव्हे, कारण अंदाज चुकला तर तो दाखवायचा कशावरून? आज मंडळनिहाय पाऊस ‘महारेन’ संकेतस्थळावर रोज दिसतो. तालुक्याची सरासरी ठीक असली, तरी एखादं मंडळ तीन आठवडे कोरडं आहे, हे तिथे कळतं. अडचण वेगळीच आहे. पाऊस एका संकेतस्थळावर, भूजल दुसरीकडे, पेरणीचे आकडे कृषी खात्याकडे. ते एकत्र मांडून पाहायला तहसीलदारांना सवड आणि तालुक्याला त्यातला जाणकार माणूस, दोन्ही लागतात. कारण पाणीटंचाईत टँकरचा प्रस्तावही तालुक्यातूनच पुढे जातो.