खोकला किती दिवसांचा?



सांगलीत विश्रामबागेला लागूनच वानलेसवाडी आहे. मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारणारे डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाची ही वस्ती. क्षयरोग्यांचं आरोग्यधाम इथंच होतं. क्षयावर औषध नव्हतं, तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढाच उपचार. रोगी महिनोन्‌महिने घरापासून लांब राहत.

१९४३ साली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसीन या औषधाचा शोध लागला. पुढे मद्रासला झालेल्या अभ्यासानं १९५९ मध्ये दाखवून दिलं, की नियमित औषधं घेतली तर घरी राहूनही रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. आरोग्यधामाची गरज संपत गेली; पण औषधं वेळेवर देण्याची तिथली शिस्त आता घरच्यांना पाळावी लागते.

क्षय ओळखताना पहिला प्रश्न असतो, खोकला किती दिवसांचा? दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर बेडका तपासलाच पाहिजे. जोडीला संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन असेल, तर एक दिवसही दवडू नये. ‘तंबाखूचा खोकला आहे, जुनाच आहे’ असं म्हणून बरेच जण महिना घालवतात. काहीजण दुकानातून परस्पर अँटिबायोटिक घेतात. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळीनं क्षयाचे जंतू थोडे दबतात, बरं वाटतं आणि निदान लांबतं. बेडक्याच्या जनुकीय चाचणीत जंतू आहेत का आणि ते रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला दाद देतात का, हे यंत्र सुमारे दोन तासांत सांगतं.

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी नारिंगी होते. ते रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नये. मात्र डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा नजर धूसर झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. खरा धोका दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असतो. खोकला जातो, भूक लागते, वजन वाढतं आणि ‘आता कशाला गोळ्या?’ असं वाटू लागतं. गोळ्या बंद केल्या, की शरीरात उरलेले चिवट जंतू डोकं वर काढतात, आणि मग नेहमीची औषधं चालेनाशी होण्याची भीती असते.

घरात एकाला क्षय झाला तर सगळ्यांची, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आहारासाठी पैसेही मिळतात. रोग्याचं ताट वेगळं करू नका, क्षय ताटावाटीतून पसरत नाही. खिडक्या उघडा, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा आणि शेवटची गोळी पोटात जाईपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहा.