तक्ता की शैलीपत्रक?



वेळापत्रक हा शाळेतील प्रत्येकाच्या परिचयाचा तक्ता. मंगळवारचा स्तंभ आणि तिसऱ्या तासिकेची ओळ जिथे भेटतात, तिथे भूगोल असतो. दोन्ही दिशांनी वाचावी लागणारी अशी माहिती वेबपानावर मांडता यावी, यासाठी एचटीएमएलमध्ये ‘टेबल’ हा टॅग आला. १९९५ साली नेटस्केपच्या १.१ आवृत्तीत तो वापरता येऊ लागला आणि जानेवारी १९९७ मध्ये एचटीएमएल ३.२ या शिफारशीत समाविष्ट झाला.

परंतु कडा अदृश्य केल्या की तक्त्याचा सांगाडा होतो, हे रचनाकारांनी तत्पूर्वीच हेरले होते. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने ही युक्ती लोकप्रिय केली. डावीकडे अनुक्रम, मध्ये मजकूर, उजवीकडे जाहिरात. मोकळी जागा राखायला एका पिक्सेलचे पारदर्शक चित्र. तक्त्यात तक्ता आणि त्यात पुन्हा तक्ता! पुढे खुद्द सीगल यांनीच या पद्धतीने वेबचे नुकसान केल्याची कबुली दिली.

दुसरा मार्गही उपलब्ध होता. होकोन व्हियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये शैलीपत्रकांची कल्पना मांडली. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली शिफारस प्रसिद्ध झाली. आशय एका जागी, रूप दुसऱ्या जागी, हे तिचे सूत्र. मग तक्ता का टिकला? कारण ब्राउझरांचे एकमत नव्हते. चौकटीच्या रुंदीत आतील मोकळी जागा आणि कड मोजायची की नाही, यावरही इंटरनेट एक्सप्लोरर ५ चे गणित प्रमाणाहून वेगळे होते. समान उंचीचे तीन स्तंभ तक्ता सहज देई. शैलीपत्रकातून ते साधताना भलेभले टेकीस येत. १९९८ साली तक्ता निवडणाऱ्याला अडाणी ठरवणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

त्या निवडीची किंमत मात्र अंध वाचकाने मोजली. पडदावाचक प्रणाली मजकूर लिहिलेल्या क्रमाने, एकेका ओळीतील घर घेत वाचते. डोळ्यांना शेजारी दिसणारे दोन स्तंभ कानांना एकमेकांत मिसळलेले ऐकू येऊ शकतात. मे १९९९ मधील सुगम्यता-मार्गदर्शिकेने म्हणूनच बजावले, की सरळ ओळीत वाचल्यावर अर्थ लागत नसेल, तर मांडणीसाठी तक्ता वापरू नये.

२००३ च्या ‘सीएसएस झेन गार्डन’ने एकच एचटीएमएल निरनिराळ्या रूपांत सजवून दाखवले आणि शैलीपत्रक रुक्ष असते हा आक्षेप मावळला. गंमत अशी, की मार्च २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी स्वीकारलेल्या ‘ग्रिड’मध्ये ओळी आणि स्तंभच परतले, फक्त ते आता शैलीपत्रकात राहतात. ई-मेलच्या सजावटीत जुना तक्ता अद्याप तग धरून आहे.

तक्त्याची बदनामी मात्र इतकी झाली, की काही उत्साही मंडळी खरे वेळापत्रकही साध्या चौकटी जोडून रचू लागली. दिसायला ते नेटके असते. पण पडदावाचकाला त्यात ओळ-स्तंभांचे नाते सापडत नाही. त्याला नुसते ‘भूगोल’ एवढेच म्हणता येते. शीर्षकघरे नीट नोंदवलेल्या अस्सल तक्त्यातून फिरणाऱ्या अंध विद्यार्थ्याला मात्र त्याच घरात ऐकू येते : मंगळवार, तिसरी तासिका, भूगोल.