आधी कुंपण, मग पाखरू



ज्या व्यासपीठावरून आपण साहित्य आणि इतिहास ऐकता, तेथे एक युनियनवाला लाव्यांविषयी बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील कपाटाने दिले. परंतु माग बंद पडला की घरी बसलेला कामगार जोडधंदा शोधू लागतो. जागा थोडी, भांडवल त्याहून थोडे. म्हणून तो लावे पाळतो. त्या पिंजऱ्यात नुसती पाखरे नसतात, घरातील उरलीसुरली पुंजी कोंडलेली असते.

आपण पाळतो तो जपानी लावा, म्हणजेच बटेर. आपल्याकडे तो १९७४ साली इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात आला. रानातला लावा पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे ध्यानात असू द्या. जपानी लाव्याचे अंडे सतरा-अठरा दिवसांत फुटते आणि मादी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते. हिशेब मोठा गोड दिसतो. पण एका रात्रीत एक मुंगूस तो पुसून टाकतो. मग लोक म्हणतात, "नशीब!"

नशिबाचा हा हवाला मी कारखान्यांत पुष्कळ ऐकला आहे. कामगाराचा हात यंत्रात गेला, की चौकशीत ठरते : तो बेसावध होता. पण १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचे एकविसावे कलम काय सांगत होते? यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण घाला. माणूस कधीतरी डुलकी घेणारच, हे धरूनच ते कलम लिहिलेले होते. पिंजऱ्यालाही हाच न्याय लावा. राखण डोळ्यांवर सोपवू नका, जाळीवर सोपवा.

कोंबडी दिवेलागणीला आपण होऊन खुराड्यात येते. सुटलेला लावा परत येत नाही. तो फांदीवर बसत नाही, जमिनीवरच, जाळीला टेकून झोपतो. म्हणून बाजारातली षट्कोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी उपयोगाची नाही. ती पाखरू आत ठेवते, पण मांजराचा पंजा आणि उंदराचे दात बाहेर ठेवीत नाही. अर्ध्या इंचाची, सांधे जोडलेली जाड जाळी घ्या; तळालाही तीच लावा. पिंजरा जमिनीपासून कंबरेइतका उंच ठेवा आणि त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. नुसत्या खिटीवर विसंबू नका, कडी घाला. सांडलेले दाणे रोज झाडा. दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

दुसरा शत्रू भीती. दचकलेला लावा सरळ वर उसळतो आणि छताला डोके आपटून मरतो. म्हणून पिंजऱ्याची उंची फुटाच्या आत ठेवा आणि छताखाली गोणपाट ताणा. कमी उंचीत त्याला वेगच घेता येत नाही.

पिल्लू जेमतेम सात-आठ ग्रॅमचे. उथळ ताटलीतही ते बुडून मरते. पहिले दोन आठवडे पाण्यात गोट्या किंवा खडे टाका. त्याला ऊब हवी, पण मोठ्या पाखराला वैशाखातला पत्रा सोसत नाही. पिंजरा सावलीत, वाऱ्याला ठेवा आणि दुपारी ओले पोते टांगा.

बुरशी धरलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखांहून अधिक टर्की पक्षी मेले, ते भुईमुगाच्या पेंडीतील बुरशीच्या विषाने. आणि २००६ साली आपल्याच नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा पोल्ट्रीवाल्यांवर काय गुदरले ते खानदेशाला ठाऊक आहे. नवे पाखरू काही आठवडे वेगळे ठेवा. एकाएकी बरीच पाखरे मेली, तर ती लपवू नका. सरकारी पशुवैद्यकास कळवा. मेलेले पाखरू ओढ्यात टाकणारा शेजाऱ्याच्या पोटावर पाय देतो.

मित्रहो, कामगार निदान तक्रार करू शकतो, संप करू शकतो. लाव्याला युनियन नाही. ज्याच्या हाती कडी त्याच्यावर जबाबदारी, हे मालकाला आपण आजवर सुनावत आलो. पिंजऱ्यापुढे मालक आपण आहोत. तेव्हा पाखरे आणण्याचा पैसा जमला की आधी जाळी घ्या. पैसे उरतील तेवढीच पाखरे आणा.