कीर्द-खतावणीचें नवें घर

श्रोत्यांनीं घाटकोपरची एखादी जुनी पेढी डोळ्यांपुढें आणावी. वीस-पंचवीस वर्षांची कीर्द-खतावणी डॉसवर चालणाऱ्या कार्यक्रमांत सांठविलेली, आणि हार्ड डिस्क तर कुरकुरूं लागलेली! ती बंद पडली तर उधारी कोणत्या आधारावर वसूल करावयाची?

अशा वेळीं उपयोगी पडते ती फ्री-डॉस ही प्रणाली. मायक्रोसॉफ्ट डॉसचा त्याग करणार असें दिसूं लागतांच जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्यानें १९९४ सालीं हें कार्य आरंभिलें. ती विनामूल्य मिळते आणि डॉसचे बहुतेक जुने कार्यक्रम तिच्यावर चालतात.

प्रथम सर्व हिशेबांची नक्कल अन्यत्र ठेवावी. विभागणींत डिस्कवरील मजकूर जातो. मग पेन-ड्राइव्हवरून संगणक सुरू करून एफडिस्कनें विभाग पाडावा, तो सक्रिय ठरवावा, संगणक पुन्हां सुरू करावा. त्यानंतर फॉरमॅट करून प्रणाली उतरवावी व हिशेब परत आणावे.

अडचणी दोन. पांचशें बारा बाइटांच्या खंडांनीं मोजणारी जुनी विभागणी-पद्धति सुमारें २ टेराबाइटांपलीकडे जात नाहीं. दुसरी अधिक बिकट. डॉसला जाग आणतो तो बायोस. अलीकडच्या पुष्कळ संगणकांत त्याच्या जागीं केवळ यूईएफआय असतें. सीएसएम ही सोय असल्यास ती चालू करावी. नसल्यास नव्या प्रणालींतच आभासी संगणक उभारून त्यांत डॉस चालवावा.

यंत्र बदलतें, पेढीचा जीव मात्र वह्यांत असतो. म्हणून नक्कल आधीं, नवी डिस्क मागाहून.